१९६३ च्या इम्पालाचा कापडी टप वर येताना अडतो आणि तिरका होतो

प्रश्न: कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी १९६३ सालची शेवरोले इम्पाला कन्व्हर्टिबल आहे. सहा सिलिंडरचे इंजिन, १२ व्होल्टची वायरिंग आणि मागच्या सीटमागे बसवलेल्या विजेच्या मोटारीवर व तिला जोडलेल्या तेलाच्या पंपावर चालणारा कापडी टप, अशी तिची रचना आहे. टप खाली घेताना काहीच अडचण येत नाही; डॅशबोर्डखालचे बटण दाबले की तो दुमडत जाऊन मागच्या खळग्यात बसतो. वर आणताना मात्र मोटार नुसती घुमत राहते, टप खळग्यातून हात-दीड हात उचलला जातो आणि तिथेच थांबतो. शिवाय उजवी बाजू पुढे आणि डावी मागे, असा तो तिरका होतो. दोघांनी दोन्हीकडून आधार दिला तर उरलेले अंतर तो कसाबसा पार करतो. त्या वेळी हेडलाइट लावून पाहिले असता उजेड किंचितच मंदावतो.

निदानाला उपयोगी पडतील अशा आणखी काही गोष्टी सांगतो. डाव्या बाजूच्या मागील पॅनेलखाली गालिचा ओलसर लागतो आणि बोटाला तेलकटपणा येतो. पंपाच्या टाकीतील तेल काळपट तपकिरी झाले आहे. ते मुळात कोणते घातले होते हे सांगू शकेल असे आता घरात कोणी नाही. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात गावभागातल्या आमच्या वाड्यात पाणी शिरले, तेव्हा ही गाडी सीटच्या उंचीपर्यंत पाण्यात होती. पूर ओसरल्यावर इंजिन, ब्रेक आणि गिअरबॉक्स पूर्ण उघडून साफ करण्यात आले, पण टप त्या वेळी बटणावर व्यवस्थित चालत होता, म्हणून त्याच्या पंपाला कोणी हात लावला नाही. कापड अलीकडेच एका कुशनवाल्याकडून नवे घालून घेतले आहे.

आमच्या मेकॅनिकचे मत असे की पंप आणि मोटार यांचा नवा जोड अमेरिकेतून मागवावा. या गाडीचे भाग तिकडे आजही तयार मिळतात हे खरे, परंतु वाहतूक आणि सीमाशुल्क धरून होणारी रक्कम लहान नाही. तो खर्च करण्यापूर्वी दोष पंपात आहे, मोटारीत आहे, टप उचलणाऱ्या तेलाच्या सिलिंडरमध्ये आहे की टपाच्या सांगाड्यात, हे घरच्या घरी किंवा सांगली-मिरजेच्या परिसरातच ठरवता येईल का? येत असल्यास कोणत्या क्रमाने पाहावे?

उत्तर: जुनी चाके (सातारा)

पंप इतक्यात मागवू नका. आपण दिलेल्या लक्षणांत पंप खराब असल्याचा एकही निर्णायक पुरावा मला दिसत नाही, आणि पंप चांगला असल्याचाही दिसत नाही. टप खाली व्यवस्थित जातो यावरून बहुतेक जण ‘यंत्रणा ठीक आहे, फक्त वर जाण्यात काहीतरी गोम आहे’ असा निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षात खाली जाताना सांगाड्याचे स्वतःचे वजनच बहुतेक काम करते आणि पंपाने सुरुवातीला थोडासा ढकलला तरी पुरते. वर येताना मात्र लोखंडी कमानी, कापड आणि मागची खिडकी हा सगळा भार खळग्यातून उचलावा लागतो, आणि सर्वांत जास्त जोर नेमका त्या पहिल्या हात-दीड हातात लागतो. त्यामुळे मोटार अशक्त असो, तेल कमी असो, सांधे जाम असोत, परिणाम एकच दिसतो: खाली जातो, वर येत नाही.

तिरकेपणाचेही तसेच आहे. दोन्ही बाजूंचे सिलिंडर एकाच पंपावर समांतर जोडलेले असतात, त्यामुळे एकाच पाटावरच्या दोन वाफ्यांपैकी सखल वाफा आधी भरावा तसे तेल ज्या बाजूला अडथळा कमी त्या बाजूला आधी जाते. म्हणजे डावी बाजू मागे राहते याचा अर्थ डावा सिलिंडर गेला असाच होत नाही. डाव्या बाजूच्या सांगाड्यातील एखादा सांधा गंजून घट्ट झाला असेल, तरी हेच चित्र दिसेल.

म्हणून माझ्या मते पहिली परीक्षा पाना, कापडाचा बोळा आणि दोन धडधाकट माणसे एवढ्यावर होते. टप पूर्ण खाली ठेवून बॅटरीची अर्थ (ऋण टोकाची वायर) सोडवावी, दोन्ही सिलिंडरच्या दांड्यांची वरची टोके सांगाड्यापासून मोकळी करावीत (बोल्टवरचे बुश आणि वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका फळीवर मांडून ठेवावेत, कारण ते उलटसुलट बसले की सांगाडा बाजूच्या पत्र्याला घासतो), आणि मग दोन्ही बाजूंना एकेक जण उभे राहून टप हाताने वर आणावा. समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत तो झटके न देता, दोन्ही बाजूंनी सारख्या जोराने यायला हवा. कुठे अडला, तर अडला त्या जागीच थांबून सांधे पाहावेत. बोटे कमानींच्या कात्रीत सापडणार नाहीत याची काळजी अवश्य घ्यावी. मोकळा सांगाडा एकदम कोसळतो तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही.

आपल्या गाडीत दोन जागा मी मुद्दाम तपासेन. पुराचा गाळ बिजागऱ्यांच्या पिनांमध्ये जाऊन वाळला की तो सिमेंटसारखा बसतो आणि वरून ओतलेले तेल आत शिरतच नाही. अशा वेळी आधी गंज सोडवणारे पातळ तेल लावून रात्रभर ठेवावे, सांधा हलवत गाळ बाहेर काढावा आणि नंतरच शिलाई मशीनचे हलके तेल द्यावे. ग्रीस नको, कारण त्याला धूळ चिकटते आणि ते कापडावर उतरते. दुसरी जागा म्हणजे नव्या कापडाखालचे पट्टे आणि बाजूच्या गाद्या. कुशनवाल्याने पट्टा वीतभर आखूड ठोकला, तर टप शेवटी, काचेपाशी येऊन अडतो. आपला सुरुवातीलाच अडतो, त्यामुळे कापडावर माझा संशय कमी आहे, तरी डाव्या बाजूला एखादी गादी सांध्यात चिमटली जात नाही ना एवढे पाहावे.

आमच्याकडे साताऱ्यात जून ते सप्टेंबर टप उघडण्याचा प्रश्नच येत नाही, आणि त्या चार महिन्यांत सांधे हमखास आखडतात. मृग लागण्यापूर्वी सगळ्या पिनांना तेल देऊन ठेवणे हा त्यावरचा स्वस्तातला उपाय आहे.

उत्तर: तांब्याची तार (मिरज)

वरील परीक्षा आधी कराच. माझे म्हणणे विजेपुरते आहे. आपल्या प्रश्नातील एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, ते म्हणजे हेडलाइटचा उजेड किंचितच मंदावतो हे. निरोगी मोटारीला पूर्ण वीज मिळत असताना तिच्यावर भार येऊन ती अडली, तर ती बॅटरीतून भरमसाट अँपिअर खेचते आणि दिवे स्पष्टपणे मंद होतात. आपल्याकडे मोटार अडते, पण दिव्यांना त्याची फारशी खबर लागत नाही. याचा सरळ अर्थ असा की मोटारीपर्यंत प्रवाहच कमी पोहोचतो आहे, आणि वाटेत कुठेतरी गंजलेला किंवा सैल झालेला जोड वीज खाऊन टाकतो आहे. सीटच्या उंचीपर्यंत पाणी आलेल्या गाडीत असा जोड सापडला नाही तरच नवल.

या मोटारीला बटणाकडून दोन वायर येतात, एक टप वर नेण्यासाठी आणि दुसरी खाली आणण्यासाठी. दोन्ही दिशांसाठी आत वेगवेगळी फील्ड कॉइल (चुंबकत्व निर्माण करणारे तारेचे वेटोळे) असते आणि अर्थ मात्र दोन्हींना सामायिक असते, ती मोटारीपासून गाडीच्या पत्र्याला जाते. टेस्ट लॅम्प लावून ‘वीज येते’ असे म्हणणे इथे निरुपयोगी आहे, कारण दिव्याला अर्धा अँपिअरही पुरतो आणि गंजलेला जोड तेवढा सहज जाऊ देतो. समजा मोटार ३० अँपिअर घेते आणि जोडात केवळ ०.०५ ओहमचा अडथळा आहे, तर तेवढ्यानेच दीड व्होल्ट वाया जातो. म्हणून मोजमाप भार असतानाच घ्यायला हवे.

इंजिन चालू ठेवून एकाने ‘वर’चे बटण दाबावे आणि टप अडलेल्या अवस्थेत दुसऱ्याने मल्टिमीटरने चार ठिकाणी व्होल्ट पाहावेत: बॅटरीच्या दोन टोकांमध्ये, बॅटरीच्या धन टोकापासून मोटारीच्या ‘वर’च्या वायरीपर्यंत, त्या वायरीपासून मोटारीच्या अंगापर्यंत, आणि मोटारीच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत. शेवटच्या तिन्हींची बेरीज पहिल्या आकड्याइतकी यायला हवी, ती आली की मोजणी बरोबर झाली असे समजावे. मोटारीच्या वाट्याला साडेदहा व्होल्टपेक्षा कमी येत असतील तर मोटारीला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. शेवटचे मोजमाप, म्हणजे अर्थेचे, पाव व्होल्टच्या आत असावे.

बटण मात्र एका वेळी दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. १९५७ च्या फोर्ड स्कायलायनरमध्ये घडी होणाऱ्या पत्र्याच्या टपासाठी अनेक मोटारी आणि त्या वेळेवर बंद करणारे लिमिट स्विच होते. आपल्या गाडीत तसा एकही स्विच नाही. टप अडला किंवा शेवटाला पोहोचला तरी बोट उचलेपर्यंत मोटार जोर लावतच राहते. मधेच ती गप्प होऊन थोड्या वेळाने आपोआप पुन्हा चालू झाली, तर तापलेल्या सर्किट ब्रेकरचे ते काम आहे, वायर तुटल्याचे लक्षण नाही.

व्होल्ट पुरेसे असूनही जोर नसेल, तर मोटार उतरवून आणावी. कार्बन (फिरत्या भागाला वीज देणारे घासते तुकडे) झिजलेले, कम्युटेटर (ते ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) हिरवा पडलेला, बुश गंजलेले, एवढेच बहुधा सापडते आणि हे सगळे इथे होते. फील्ड कॉइल जळालेली असली तरी ती जुन्या तारेच्या जाडीची तार घेऊन पुन्हा गुंडाळता येते. त्यासाठी समुद्रापार जायची गरज नाही.

उत्तर: निवृत्त फिटर (किर्लोस्करवाडी)

आमच्या वाडीत १९१० पासून कारखाना आहे आणि पंप उघडलेल्या हातांची इथे वानवा नाही, त्यामुळे तेलाच्या बाजूबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, टाकीत काहीही ओतण्यापूर्वी आत कोणते तेल आहे ते ओळखा. त्या काळातील जनरल मोटर्सच्या गाड्यांत टपासाठी ब्रेक ऑइलच वापरत. पुढे या यंत्रणांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तांबडे तेल, म्हणजे एटीएफ, रूढ झाले आणि जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीत बसवले जाणारे नवे पंपही बहुतेक त्यावरच चालतात. साठ वर्षांत गाडी किती हातांतून गेली हे कोण सांगणार? रंगावर विश्वास ठेवू नका, कारण दोन्ही तेले जुनी झाली की सारखीच काळवंडतात. एका काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात टाकीतले चार थेंब सोडा आणि ढवळा. पाण्यात विरघळून गेले तर ते डॉट ३ किंवा डॉट ४ जातीचे ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल. तवंग होऊन वर तरंगत राहिले तर एटीएफ किंवा दुसरे खनिज तेल.

ही ओळख एवढी महत्त्वाची का, तर रबर. ब्रेक ऑइलसाठी बनवलेली सील एटीएफमध्ये किंवा कुठल्याही खनिज तेलात फुगून मऊ पडतात, आणि एटीएफसाठीची नायट्राइल (खनिज तेलाला टिकणारे कृत्रिम रबर) सील ब्रेक ऑइलमध्ये खराब होतात. आपल्याकडे प्रेस आणि जॅकसाठी ६८ नंबरचे हायड्रॉलिक ऑइल प्रत्येक वर्कशॉपात असते आणि ‘तेल ते तेल’ म्हणून तेच ओतायचा मोह होतो. ब्रेक ऑइलच्या यंत्रणेत ते घातले, तर आज एका सिलिंडरमधून गळते आहे ते थोड्याच दिवसांत दोन्हींतून गळेल.

पातळी टप वर असताना पाहायची असते. सीटची पाठ काढून पंप मोकळा दिसू द्या, टाकीखाली चिंध्या अंथरा आणि बूच अगदी सावकाश फिरवा, कारण आत दाब असू शकतो. तेल बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपासून पाव इंचाच्या आत असावे. ते फारच खाली गेलेले असेल तर पंप हवा ओढतो, आवाज खरखरीत होतो आणि जोर तुटक लागतो. बाहेर सांडलेले ब्रेक ऑइल रंग उतरवते. लागले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नुसते पुसून भागणार नाही.

आता गळतीकडे येऊ. डाव्या बाजूचा गालिचा ओला आहे, तेव्हा डाव्या सिलिंडरच्या वरच्या तोंडाचे, म्हणजे दांडा बाहेर येतो तिथले सील गेले असणार हे जवळपास नक्की. पण बाहेरची गळती दिसते म्हणून तिरकेपणाचे कारणही तीच, असे धरून चालू नये. दांड्याच्या सीलमधून थेंबथेंब तेल जाण्याने टाकी रिकामी होते, जोर मात्र एवढा कमी होत नाही. जोर कमी होतो तो आतल्या पिस्टनचे सील गेल्यावर, कारण मग खालून आलेले तेल पिस्टनच्या कडेने वरच्या बाजूला निसटते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही.

त्याची परीक्षा अशी. दांडे सांगाड्यापासून सोडलेलेच आहेत, त्याच अवस्थेत पंप चालवून दोन्ही दांडे पूर्ण बाहेर येऊ द्या. मग मोटार बंद करून डाव्या सिलिंडरच्या वरच्या तोंडाची नळी सावकाश सोडवा, तिचे सुटे टोक बूच मारून बंद करा, नाहीतर पंप तिथून हवा ओढेल, आणि सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली डबा धरा. डोळ्यांना चष्मा असू द्या. आता ‘वर’चे बटण क्षणभर दाबा. सुरुवातीला आत साठलेले थोडे तेल येईल, ते सोडून द्या. त्यानंतरही धार लागत राहिली तर पिस्टनचे सील गेले. थांबली तर तो सिलिंडर आतून शाबूत आहे. हीच परीक्षा उजव्या बाजूला करा.

पंपाच्या जोराची खातरी करायची असेल तर ५०० पीएसआयपर्यंतचा (दर चौरस इंचावर पौंड, असे दाबाचे माप) गेज पंपाच्या तोंडाला लावून बटण दाबावे. या जातीचा पंप धड असेल तर ३४० ते ३८० पीएसआयच्या दरम्यान दाब दाखवतो. मात्र मोटारीला पुरेसे व्होल्ट मिळत नसताना हा आकडा घेण्यात अर्थ नाही, त्यामुळे मिरजकरांनी सांगितलेले काम आधी उरका. आत एकात एक फिरणारे दोन दातेरी रोटर आणि तेलाची दिशा बदलणाऱ्या गोळ्या असतात. रचना सोपी आहे, आणि तेलात बुडालेले भाग पुरानेही सहसा बिघडत नाहीत.

शेवटी नळ्या. रबरी नळी बाहेरून ठणठणीत दिसत असली तरी आतून फुगून तिचे भोक दोऱ्याएवढे उरते. एकच बाजू हळू चालत असेल आणि सांगाडा व सिलिंडर दोन्ही निर्दोष ठरले, तर मग नळीच.

उत्तर: घाटमाथा (पाचगणी)

इतका खटाटोप करण्यापेक्षा सिलिंडर काढून ठेवावेत आणि टप हातानेच वर-खाली करावा, असे सुचवतो. जुन्या इंग्लिश गाड्यांचे आणि आपल्याकडच्या स्टँडर्ड हेराल्ड कन्व्हर्टिबलचे टप हातानेच उघडत असत.

उत्तर: जुनी चाके (सातारा)

हेराल्डचा टप एकटा माणूस उचलतो, कारण तो त्यासाठीच हलका घडवलेला आहे. इम्पालाचा सांगाडा सहा माणसांच्या गाडीचा आहे आणि त्याचे वजन सिलिंडरच्या भरवशावर ठरवलेले आहे. सिलिंडर काढल्यावर त्याला अर्ध्या वाटेत तोलून धरणारे काहीच उरत नाही. निदान पूर्ण होईपर्यंत तात्पुरते ठीक, कायमचे मला पटत नाही.

प्रश्नकर्त्याचे निवेदन: कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुचवलेल्या क्रमानेच पाहत गेलो, त्यात जे आढळले ते लिहितो.

दांडे सोडून टप हाताने उचलला तेव्हा डाव्या बाजूचा मधला सांधा खरोखरच आखडलेला निघाला. पिनेभोवती गाळ होता आणि त्यावर कोणीतरी नंतर काळा रंगही मारला होता. तो मोकळा करून तेल दिल्यावर दोन्ही बाजू हाताला सारख्या लागतात. कुशनवाल्याच्या कामात काही खोट सापडली नाही.

विजेचे आकडे असे आले: बॅटरीवर १३.२ व्होल्ट, धन बाजूच्या वायरिंगमध्ये १.४, मोटारीवर ९.३ आणि अर्थेत तब्बल २.५. बेरीज जुळली. अर्थेची वायर ज्या स्क्रूने पत्र्याला धरली होती, त्याच्याखाली पत्रा गंजून पापुद्रे सुटले होते. जागा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासली, नवे थिंबल लावले आणि मोटारीच्या अंगापासून चॅसीपर्यंत एक जाड वायर वेगळी टाकली. त्यानंतर भार असताना बॅटरीवर १३.०, मोटारीवर ११.६ आणि अर्थेत ०.१ एवढे येतात. आता मोटारीचा आवाज बदलला आहे, दिवे पूर्वीपेक्षा जास्त मंदावतात आणि टप कोणाच्या मदतीशिवाय वर येतो. तरीही डावी बाजू जरा मागे राहतेच.

तेलाचे थेंब पाण्यात विरघळले, म्हणजे आत ब्रेक ऑइल आहे. सिलिंडरच्या परीक्षेत उजवीकडची धार लगेच थांबली, डावीकडची चालूच राहिली. पंपाच्या दाबाचा गेज अजून मिळालेला नाही. आता प्रश्न असे उरतात की केवळ डावा सिलिंडर दुरुस्त करावा की दोन्ही, तो इथे दुरुस्त होतो का, आणि या निमित्ताने एटीएफवर जावे की ब्रेक ऑइलच ठेवावे.

उत्तर: तांब्याची तार (मिरज)

धन बाजूला अजूनही १.३ व्होल्ट जातात, तेही कमी करता येतील. बटणाच्या मागचे जोड आणि सर्किट ब्रेकरची दोन्ही टोके साफ करावीत. त्यानेही फरक पडला नाही, तर बटणाने फक्त रिले (थोड्या विजेवर चालून मोठा प्रवाह जोडणारा स्विच) चालवावा आणि मोटारीला बॅटरीपासून थेट जाड वायरीने, वाटेत योग्य ब्रेकर घालून, वीज द्यावी. दोन दिशांना दोन रिले लागतील. मूळ वायरिंग न कापता हे जोडता येते, त्यामुळे गाडीच्या अस्सलपणाला बाध येत नाही. कार्बन मात्र एकदा काढून पाहाच. इतके दिवस कमी व्होल्टवर अडत चाललेल्या मोटारीचे कार्बन जळकट झालेले असतात.

उत्तर: निवृत्त फिटर (किर्लोस्करवाडी)

सिलिंडर दोन्ही करावेत. एकात नवे, घट्ट सील आणि दुसऱ्यात जुने, सैल सील असे झाले की दोन्हींचे घर्षण वेगळे होते, आणि आज डावीकडे असलेला तिरकेपणा उद्या उजवीकडे दिसतो.

दुरुस्ती इथे होते, पण सिलिंडर कसा बंद केलेला आहे ते आधी पाहा. त्या काळातील पुष्कळ सिलिंडर तोंडाचा पत्रा आत दाबून कायमचे बंद केलेले असत, ते उघडण्यासाठी बनवलेले नव्हतेच. तसे असेल तर लेथवर तोंड कापून, आटे पाडून नवी टोपी बसवावी लागेल. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात हायड्रॉलिक जॅकची कामे करणारा कोणताही चांगला टर्नर हे करू शकतो; त्याला दाब ३८० पीएसआयपर्यंतच आहे हे सांगा, म्हणजे तो विनाकारण जाडजूड काही करणार नाही. सिलिंडरच्या नळीच्या आत गंजाचे खड्डे असतील तर होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणे) करून घ्यावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे असे खड्डे मला अपेक्षितच आहेत. दांड्यावर बोट फिरवून जिथे खरखर लागेल तिथे नुसते पॉलिश करून थांबू नका, हार्ड क्रोम (क्रोमियमचा कठीण मुलामा) करून पुन्हा मापात ग्राइंड करून घ्या. खरखरीत दांडा नवे सील पहिल्या पावसाळ्याआधी खाऊन टाकतो. दोन्ही दांड्यांची पूर्ण बाहेर आल्यावरची लांबी उघडण्यापूर्वी मोजून लिहून ठेवा आणि जोडणीनंतर ती तशीच आली का ते पाहा, कारण त्यात फरक पडला की टप काचेच्या चौकटीवर एका बाजूला आधी टेकतो.

तेलाबद्दल माझे मत एटीएफच्या बाजूने आहे. ते ओलावा शोषत नाही, गंज धरू देत नाही आणि सांडले तरी रंग उतरवत नाही. अट एवढीच की सिलिंडरची सील, पंपातील ओ-रिंग आणि सर्व नळ्या, म्हणजे तेलाला लागणारे प्रत्येक रबर, एकाच वेळी नायट्राइलचे बसवायला हवे आणि धातूचे भाग स्पिरिटने धुऊन, वाळवून, जुन्या तेलाचा अंशही न ठेवता जोडायला हवेत.

उत्तर: जुनी चाके (सातारा)

फिटरसाहेबांच्या अनुभवाचा आदर ठेवून थोडा मतभेद नोंदवतो. पंप सध्या काम करतो आहे आणि तो उघडलेला नाही. तो उघडायचा नसेल, तर त्यातील ओ-रिंग ब्रेक ऑइलच्याच आहेत हे धरून चालावे लागेल आणि मग एटीएफचा विचार सोडून द्यावा लागेल. मी अशा स्थितीत सिलिंडरला ईपीडीएमची (ब्रेक ऑइलला टिकणाऱ्या कृत्रिम रबराची) सील घालून नवे डॉट ३ भरतो आणि ठरावीक काळाने ते बदलतो. सीलच्या दुकानात केवळ मापावर सील मागितले तर नायट्राइलचेच हातात पडते, म्हणून ईपीडीएम असे स्पष्ट सांगून घ्यावे लागते.

उत्तर: निवृत्त फिटर (किर्लोस्करवाडी)

हे मान्य आहे. पंप उघडणार असाल तर एटीएफ, नसाल तर डॉट ३. मधला मार्ग नाही. माझा कल पंप उघडण्याकडे आहे, कारण काळपट तेलातला गाळ टाकीच्या तळाशी बसलेला असणार आणि तो नव्या सिलिंडरमध्ये जाऊ देणे परवडणारे नाही.

भरण्याची पद्धत लिहून ठेवतो. सर्व जोडून झाल्यावर टप हाताने वर आणून दांडे सांगाड्याला जोडा. टाकीच्या बुचाच्या जागी नळी जोडता येईल असा लहान तुकडा टर्नरकडून करून घ्या आणि नळीचे दुसरे टोक स्वच्छ तेलाच्या भांड्यात पूर्ण बुडवून ठेवा. आता टप खाली घ्या. तो बसल्यावरही १५-२० सेकंद मोटार चालू ठेवा, पंपाचा आवाज स्पष्ट मऊ झाला की हवा निघून तेल भरले असे समजा. दोन-चार सेकंदांची मर्यादा अडलेल्या टपासाठी होती. इथे पंप रिकामा फिरत असल्याने मोटारीवर तेवढा ताण येत नाही, तरी मध्ये तिला निवू द्या. नंतर दोन्ही दिशांना चाल एकसारखी होईपर्यंत टप वर-खाली करत राहा आणि त्या सगळ्या वेळात भांड्यातले टोक तेलाबाहेर येऊ देऊ नका. शेवटी टप वर ठेवून नळी काढा, पातळी पाव इंचाच्या खुणेवर आणा, बूच लावा. टाकीवर तेलाचे नाव रंगाने लिहून ठेवा. त्यानंतर आठवडाभर दोन्ही सिलिंडरखाली पांढरा कागद पसरून ठेवा. त्यावर डाग न पडता आठवडा गेला, तरच पॅनेल आणि सीटची पाठ परत बसवा.